शाळेत सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? ॲडमिशन घेताना या चुका टाळा

बीए सायकॉलॉजी झालं की सांगली-मिरजेकडची पोरं एमए कुठून करायचं ते फी आणि एसटीच्या पासवर ठरवतात. कोल्हापूरला रोज अप-डाऊन होतंय ना, मग झालं! अहो पण तो कोर्स करून पुढं काम काय करता येणार हे कुणी विचारतच नाही, सगळा घोळ तिथनंच सुरू होतो.

पहिलं म्हणजे 'स्कूल सायकॉलॉजी' अशीच पाटी शोधत बसू नका, आपल्याकडं ती क्वचितच दिसते. शाळेत जाणारी बरीचशी मंडळी काउन्सेलिंग सायकॉलॉजी करून नाहीतर एमएनंतर गायडन्स-काउन्सेलिंगचा डिप्लोमा करून जातात, एनसीईआरटीचाही असा डिप्लोमा आहे. क्लिनिकलचं गणित वेगळं. तिथं आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, नुसत्या एमएवर दारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. आणि घरबसल्या डिस्टन्सनं करू म्हणत असाल तर ते डोक्यातनं काढा, यूजीसीनं 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत.

आता खरी गोष्ट, प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन केलेलं काम. "प्रॅक्टिकल असतं ना सर?" असं विचारलं की "असतं की" एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा की प्रत्यक्ष शाळेत किती तास, केस झाल्यावर चर्चेला कोण बसतं, रिपोर्ट कोण तपासतं. जमलं तर लॅबचं कपाट उघडून दाखवा म्हणा. मालिनची मुलांची बुद्धिमत्ता चाचणी, बिने-कामत, ही किट असतात बऱ्याच ठिकाणी, पण ठोकळ्यांचे कोपरे झिजलेत आणि रेकॉर्ड फॉर्मचा गठ्ठा अर्धा संपलाय का ते बघा. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसेल तर समजून जा. टेस्टिंग मराठीत करायला शिकवतात का हेही विचारा, कारण वाळव्याचं पोरगं इंग्रजी सूचना ऐकून गप्प बसलं तर तो त्याचा आयक्यू नव्हे, आणि जतकडं गेलात तर घरी कन्नड बोलणारी पोरं भेटणार, त्यांचं अजून निराळं.

अजून एक गैरसमज. एमए झालं की लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट आपण देऊ, असं वाटतं बऱ्याच जणांना. नाही देता येत, ते ठरवून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलमधनं मिळतं. पोरगं वेळेत ओळखणं, आईबापांना समजावणं, तिथवर पोचवणं हे मात्र तुमचं काम, आणि ते काय कमी नाही.

अमेरिकेला जायचं असेल तर एज्युकेशनल सायकॉलॉजी आणि स्कूल सायकॉलॉजी एकच समजून लोन काढू नका. पहिल्यात बहुतेक रिसर्च असतो. शाळेतल्या नोकरीसाठी साधारण स्पेशालिस्ट लेव्हल, म्हणजे मास्टर्सच्या वरचं पण पीएचडीच्या खालचं शिक्षण लागतं, नॅस्प या तिथल्या संघटनेच्या निकषात निदान 60 क्रेडिट आणि 1200 तासांची इंटर्नशिप, त्यातले 600 तास शाळेतच. शिवाय लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं, म्हणजे आधी राज्य ठरवा मग युनिव्हर्सिटी.

आणि इथलं असो की तिथलं, मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना फोन लावा आणि सध्या काय करताय एवढंच विचारा, कोर्स कसा होता हे विचारायची गरजच पडत नाही मग.