लिनक्सवर ट्रॅफिक शेपिंग: बर्स्ट आणि रांगेच्या या चुका टाळा

टीसी (ट्रॅफिक कंट्रोल) ही लिनक्सची कमांड वापरून नेटवर्कचा वेग बांधला, म्हणजेच शेपिंग केलं, की दोनपैकी एक तक्रार ठरलेली. एक तर बांधलेला वेग गाठलाच जात नाही, किंवा वेग बरोबर येतो पण पिंग शेकडो मिलिसेकंदांवर चढतो. बहुतेक वेळा बर्स्ट आणि लिमिट यांची गल्लत झालेली असते. टोकन म्हणजे डेटा सोडायची परवानगी, ती ठरलेल्या वेगाने जमा होत राहते. बर्स्ट म्हणजे टोकनची शिल्लक. तेवढे बाइट एका दमात सुटू शकतात. लिमिट म्हणजे टोकनसाठी थांबलेल्या पॅकेटची रांग. बर्स्ट कमी पडला की वेग पडतो, रांग लांबली की विलंब वाढतो.

त्याआधी एकक तपासा. टीसीमध्ये 'एमबिट' म्हणजे मेगाबिट प्रति सेकंद, पण 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबाइट. १० एमबीपीएस लिहिलंत तर मर्यादा ८० मेगाबिटची लागते आणि शेपिंग चालतच नाही असं वाटतं.

बर्स्ट तुटपुंजा ठेवणं

टीबीएफचा (टोकन बकेट फिल्टर, टीसीमधला साधा शेपर) ढोबळ हिशोब असा: सेकंदाला जाणारे बाइट भागिले कर्नलचा एचझेड, म्हणजे टायमरचे सेकंदाला ठोके. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १.२५ कोटी बाइट. एचझेड २५० असेल तर बर्स्ट ५०,००० बाइट. हाय रिझोल्यूशन टायमर असेल तर याहून कमीतही भागतं, पण सुरुवात इथून करा. एचझेड कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये पाहा. गेटकॉन्फ कमांड दाखवते ते १०० वेगळंच असतं. एचटीबीला (ट्रॅफिक क्लासमध्ये वाटून प्रत्येकाला वेग देणारा शेपर) बर्स्ट दिलाच नाही तर आजच्या कर्नलवर तो जेमतेम एका पॅकेटएवढा, १६०० बाइटच्या आसपास धरला जातो. देताना सीलसाठीचा (क्लासला उसना वेग घेऊन गाठता येणारी कमाल मर्यादा) सीबर्स्टही द्या.

आत येणाऱ्या ट्रॅफिकवर पोलिसिंग (मर्यादेबाहेरची पॅकेट थांबवण्याऐवजी फेकणं) लावलं असेल तर हा घोळ आणखी बोचतो, कारण तिथे रांगच नसते. जीआरओ ही कर्नलची सोय आलेली लहान पॅकेट जोडून ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा करते. बर्स्ट १० केबी असेल तर अख्खा गठ्ठा फेकला जातो आणि टीसीपीचा वेग कोसळतो. बर्स्ट गठ्ठ्यापेक्षा मोठा करा, किंवा ईथटूल कमांडने जीआरओ बंद करून पाहा. खरं शेपिंगच हवं असेल तर ट्रॅफिक आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवा.

मग बर्स्ट वाढवतच सुटणं

१० मेगाबिटच्या लाइनवर १ एमबी बर्स्ट दिला तर तेवढा डेटा नेटवर्क कार्डाच्या वेगाने मोडेमच्या बफरमध्ये जाऊन पडतो. तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. म्हणजे रांग हलली, गेली नाही. याच कारणासाठी शेपिंगचा वेग लाइनच्या प्रत्यक्ष वेगाच्या ९० ते ९५ टक्के ठेवा.

पीफिफो तशीच सोडणं

एचटीबीच्या टोकाच्या क्लासखाली काही जोडलं नाही तर पीफिफो, म्हणजे आधी आलं ते आधी सोडणारी साधी रांग लागते, सहसा १००० पॅकेटची. १५०० बाइटच्या पॅकेटने ती भरली तर १० मेगाबिटवर १.२ सेकंदांचा विलंब! तिथे विलंब आटोक्यात ठेवणारी एफक्यू-कोडेल रांग जोडा. मात्र १ मेगाबिटच्या लाइनवर एकच पॅकेट जायला १२ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तिचं ५ मिलिसेकंदांचं मूळ टार्गेट (रांगेत चालवून घ्यायचा विलंब) १५ च्या आसपास न्या.

एचटीबीमध्ये डीफॉल्ट क्लास विसरू नका. तो नसेल तर कुठल्याच फिल्टरमध्ये न बसलेलं ट्रॅफिक मर्यादेविना निघून जातं. 'टीसी -एस क्यूडिस्क शो' मध्ये डायरेक्ट पॅकेटचा आकडा चढत असेल तर हेच घडतंय. त्याच आउटपुटमधला 'ओव्हरलिमिट्स'चा मोठा आकडा पाहून मात्र घाबरू नका, त्याचा अर्थ पॅकेट थांबवली एवढाच. पाहायचे ते 'ड्रॉप्ड' (फेकलेली पॅकेट) आणि 'बॅकलॉग' (रांगेत साचलेली).

वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ ने मोजताना '-ओ ३' देऊन पहिले तीन सेकंद वगळा, नाहीतर भरलेल्या बर्स्टमुळे आकडा फुगतो. २० मेगाबिट बांधल्यावर टीसीपीला १९.१ दिसले तर काही बिघडलेलं नाही. उरलेले हेडरमध्ये गेले.