ब्राझीलची सहल आखताना: आधी महिना ठरवा, मग नकाशा उघडा

ब्राझीलला जायचं म्हटलं की बहुतेकांची यादी सारखीच असते. रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, ॲमेझॉनचं जंगल, इग्वासूचा धबधबा आणि जमलं तर कार्निव्हल. यादीत वाईट काहीच नाही. पण हे सगळं दहा दिवसांत बसवायला गेलं की निम्मी सुट्टी विमानतळावर जाते. हा देश सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे भारताच्या अडीच पटीहून मोठा. साओ पाउलोहून ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराला विमानानेच चारएक तास लागतात. रात्री गाडीत झोपायचं आणि सकाळी पुढच्या गावी उतरायचं, ही आपली सवय तिथे चालत नाही, कारण लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेगाड्या जवळपास नाहीतच. त्यामुळे ब्राझीलची आखणी म्हणजे मुख्यतः काय गाळायचं ते ठरवणं. आणि हे तुमच्यासाठी निम्मं कॅलेंडरच ठरवून देतं.

पायरी १: महिना

देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तेव्हा डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा. रिओ आणि साओ पाउलोकडे पाऊसही याच दिवसांत पडतो. पण निसर्ग बघायला जाणाऱ्याने तापमानापेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावं. तिथे कोणती जागा कधी बघायची हे पाणीच सांगतं.

मनाउसजवळ नदीची पातळी वर्षभरात दहा मीटरहून जास्त खालीवर होते. जूनच्या सुमारास पाणी सगळ्यात वर असतं. तेव्हा जंगल चालत बघायचं नसतं, होडीतून बघायचं असतं. नावाडी इंजिन बंद करून वल्हं हातात घेतो आणि होडी झाडांच्या बुंध्यांमधून नाही, फांद्यांमधून सरकते. एरवी मान वर करून बघावी लागणारी पानं खांद्याला लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच जागी वाळूचे किनारे उघडे पडतात आणि पायवाटा मोकळ्या होतात. दोन्ही अनुभव चांगले आहेत, पण वेगळे आहेत. आपण कशासाठी जातोय ते माहीत हवं.

पँतानाल ही पश्चिमेकडची प्रचंड पाणथळ जमीन. तिथे कोरडा हंगाम हवा, साधारण जुलै ते ऑक्टोबर. पाणी आटलं की प्राणी नदीकाठी गोळा होतात, आणि जग्वार दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त. ईशान्येकडच्या लेन्सॉइस मारान्येन्सेसचं गणित तिसरंच आहे. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये निळी-हिरवी तळी, असे जे फोटो तुम्ही पाहिले असतील, ती तळी पावसाच्या पाण्याची असतात. जून ते सप्टेंबर ती भरलेली असतात, मग आटत जातात. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गेलात तर बऱ्याच ठिकाणी नुसती वाळू बघून याल.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाने बघायचं तर मे महिना फार सोयीचा आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. शाळांना सुट्टी असते, रिओत उकाडा उतरलेला असतो, ॲमेझॉनला पाणी चढलेलं असतं आणि तिथला गर्दीचा हंगामही नसतो. दिवाळीत जाणार असाल तर पँतानालच्या हंगामाचं शेपूट पकडता येतं. नाताळ आणि नववर्ष मात्र महाग. कोपाकाबानाच्या किनाऱ्यावर पांढरे कपडे घालून लाखो लोक जमतात; तेच बघायचं असेल तरच जा.

कार्निव्हलचं तसंच. तो ईस्टरवर अवलंबून असल्यामुळे दरवर्षी तारीख हलते. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार हा त्याचा शेवटचा दिवस. २०२७ मध्ये तो ९ फेब्रुवारीला येतो. रिओत सांबा शाळांच्या, म्हणजे सांबा नाचणाऱ्या मंडळांच्या, मिरवणुका वास्तुकार ऑस्कर नीमायरने आखलेल्या आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या सांबाद्रोममध्ये होतात. त्यांना तिकीट लागतं. गल्लोगल्ली निघणारे ‘ब्लोको’, म्हणजे नाचत-गात जाणारे जथे, मात्र फुकट, आणि खरी मजा माझ्या मते तिथेच. कार्निव्हल बघायचा नसेल तर तो आठवडा टाळाच. हॉटेलं चार-पाच रात्रींखाली खोली देत नाहीत आणि बरीचशी कार्यालयं बंद असतात.

पायरी २: तीन मुक्काम, चौथा नाही

दोन आठवड्यांसाठी तीन मुक्काम पुरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने रिओ, इग्वासू आणि तिसरं आपल्या आवडीचं, असं धरावं.

रिओला चार दिवस द्या. कोर्कोवादोच्या ७१० मीटर उंच डोंगरावरचा पुतळा १९३१ चा, पण वर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८८४ पासून धावते आहे. पुतळ्याचं सामानही याच रेल्वेने वर गेलं. तिकिटावर वेळ असते. शिखर ढगात असेल तर समोरचा पुतळासुद्धा नीट दिसत नाही, तेव्हा महिनाभर आधी तिकीट काढण्यापेक्षा हवामान बघून एक-दोन दिवस आधी काढा. शुगरलोफ या रिओतल्या दुसऱ्या डोंगराच्या रोपवेला मात्र सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचावं. दोन टप्पे आहेत आणि दोन्हींना रांग असते.

इग्वासूला दोन रात्री. मुक्काम फोझ दो इग्वासू या गावात. सुमारे २७५ धारांपैकी बहुतेक अर्जेंटिनाच्या हद्दीत आहेत, आणि त्यांचं समोरून संपूर्ण दर्शन होतं ते ब्राझीलच्या बाजूने. ‘पलीकडे पण जाऊन येऊ’ असा बेत असेल तर अर्जेंटिनाच्या व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर सहज पूल ओलांडून जाता येत नाही. आणि हो, तिथे लांब शेपटीचे, टोकदार नाकाचे कोआती नावाचे प्राणी टोळीने फिरतात. माथेरानच्या माकडांचा अनुभव असेल तर वेगळं सांगायला नको: पिशवीतून खायचं काढू नका.

तिसऱ्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्राणी बघायचे असतील तर ॲमेझॉनपेक्षा पँतानाल. ॲमेझॉनच्या दाट झाडीत प्राणी खूप आहेत, पण दिसत कमी. पँतानाल उघडं आहे. कुइयाबाला विमानाने उतरून पोकोनेमार्गे ट्रान्सपँतानेइरा या कच्च्या रस्त्याला लागायचं. पोर्तो जोफ्रेपर्यंतच्या सुमारे १४५ किलोमीटरमध्ये शंभराहून जास्त छोटे पूल लागतात आणि जवळजवळ प्रत्येक पुलाखाली केमन मगरी पसरलेल्या असतात. हा भाग स्वस्त नाही, कारण राहणं, होडी आणि वाटाड्या सगळं एकत्र घ्यावं लागतं.

ॲमेझॉन निवडलंत तर मनाउसमध्ये एक रात्र आणि जंगलातल्या लॉजवर निदान तीन. रबराच्या पैशातून १८९६ मध्ये उभं राहिलेलं तिथलं ऑपेरा हाउस चुकवू नका. शहराजवळ काळी नेग्रो आणि मातकट सोलिमोइस या नद्या एकमेकींत न मिसळता कितीतरी किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात. लॉज शक्यतो नेग्रोच्या बाजूचा निवडा. तिचं पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तिथे डास बरेच कमी असतात.

संगीत, जुनी घरं आणि खाणं यांत रस असेल तर ईशान्य किनाऱ्यावरचं साल्वादोर शहर. १५४९ पासून १७६३ पर्यंत राजधानी तिथे होती, आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांची संस्कृती तिथे पावलोपावली भेटते. आताची राजधानी ब्राझिलिया मी गाळेन, वास्तुकलेचं वेड नसेल तर.

पायरी ३: लस आधी, व्हिसा नंतर

पिवळ्या तापाची लस हा सगळ्यात जास्त गोंधळाचा विषय. ब्राझीलमध्ये शिरताना ती कुणी विचारेल की नाही हा मुद्दाच नाही. परत येताना भारत ती विचारतो. ब्राझील हा आपल्या नियमानुसार पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, केवळ सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, मात्र मग आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, साठीच्या पुढच्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ॲमेझॉनला जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नाही.

व्हिसा भारतीयांना लागतो. ऑनलाइन अर्ज, बँकेचे व्यवहार, नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं आरक्षण अशी नेहमीची कागदपत्रं. ब्राझीलचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे. निघण्याच्या दोन महिने आधी अर्ज करा, आणि रद्द न होणारं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नका.

पायरी ४: विमानं

मुंबईहून अदिस अबाबा, दुबई किंवा दोहा मार्गे साओ पाउलोला जाणं सरळ पडतं. एकूण वीस तासांच्या खाली क्वचितच होतं. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. युरोपातही काही विमानतळांवर ट्रान्झिट व्हिसाची अट असते. जाताना साओ पाउलोला उतरून येताना रिओहून निघता आलं तर एक फेरी वाचते.

देशांतर्गत विमानं लाताम, गोल आणि आझुल या तीन कंपन्यांची. दोन गोष्टी बघा. स्वस्त तिकिटात चेक-इनचं सामान धरलेलं नसतं. आणि साओ पाउलोला ग्वारुल्योस आणि काँगोन्यास हे दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून तीन तासांत उडण्याचा बेत करू नका, तिथली वाहतूक मुंबईला मागे टाकते. कंपन्यांच्या साइटवर ‘सेपेएफे’ हा तिथला नागरिकी क्रमांक मागतात, तिथे पासपोर्टचा पर्याय शोधायचा.

जवळच्या अंतरांना बस उत्तम. ‘लेइतो’ म्हणजे जवळजवळ आडवी होणारी सीट. एसी मात्र इतका गार असतो की शाल लागतेच.

पायरी ५: पैसे

चलन रेआल, गेल्या काही वर्षांत एका रेआलला साधारण १५ ते १७ रुपये पडत आले आहेत. किनाऱ्यावरचा नारळपाणीवालाही कार्ड घेतो. तो ‘देबितो की क्रेदितो’ विचारेल, तुमचं जे कार्ड असेल ते सांगा. मशीनने रुपयांत पैसे द्यायचे का असं विचारलं तर नाही म्हणा, रेआलमध्येच द्या. सगळीकडे दिसणारं ‘पिक्स’ हे आपल्या यूपीआयसारखंच, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

पायरी ६: पोटाची सोय

शाकाहारी माणूस ब्राझीलमध्ये उपाशी राहत नाही, फक्त त्याला ‘पोर किलो’ माहीत हवं. दुपारच्या जेवणाची ही पद्धत तिथे नाक्यानाक्यावर आहे. दारात एक चिठ्ठी किंवा कार्ड हातात देतात. ताट घ्यायचं, भात, भाज्या, कोशिंबिरी, तळलेली केळी, भोपळा, जे हवं ते वाढून घ्यायचं, आणि ताट काट्यावर ठेवायचं. ग्रॅमनुसार रक्कम चिठ्ठीवर चढते, पैसे निघताना. भाषा न येणाऱ्यासाठी याहून सोपं जेवण नाही, कारण समोर काय आहे ते दिसतं. चिठ्ठी हरवू नका, दंड लावतात.

एका ठिकाणी मात्र जपा. काळ्या किंवा तांबड्या घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराचं मांस घालून शिजवलेलं असतं. ‘सें कार्नी’ म्हणजे मांसाशिवाय, असं म्हटलं तरी पुष्कळ लोक त्याचा अर्थ गोमांसाशिवाय असा घेतात आणि हॅम किंवा कोंबडी घालून देतात. म्हणून मोबाइलवर पूर्ण वाक्य पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवा: मांस, कोंबडी, मासे, हॅम, बेकन काहीही नको.

न्याहारीला ‘पाओ दे केजो’, म्हणजे टॅपिओकाच्या (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाच्या) पिठाचे गरमगरम चीझचे गोळे. त्याच पिठाचं तव्यावर टाकलेलं घावन, त्यालाही टॅपिओकाच म्हणतात, खोबरं किंवा केळं भरून. साल्वादोरच्या रस्त्यावर पांढऱ्या घेरदार पोशाखात बसलेल्या बायका आकाराजे तळतात: भिजवून सोललेली चवळी वाटून केलेला वडा, तांबड्या पाम तेलात. आत सुकी कोळंबी आणि तिच्यासकट शिजवलेलं सारण भरतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नुसता वडा मागावा आणि तेलाबद्दल विचारावं. काजूच्या फळाचा रस जरूर प्या. काजूचं झाड मूळचं ईशान्य ब्राझीलचंच, पोर्तुगिजांनी ते गोव्याला आणलं. आपण बी ठेवली आणि फळाची फेणी केली, तिकडे फळाचा रस घरोघरी पितात.

पायरी ७: खिसा आणि बॅग

सुरक्षिततेबद्दल घाबरवणाऱ्या गोष्टी खूप ऐकाल. बहुतेक पर्यटकांचं नुकसान होतं ते मोबाइल हिसकावण्याने. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरून बघा. टॅक्सी ॲपवरून मागवायची आणि इमारतीच्या आत थांबून. किनाऱ्यावर जाताना पासपोर्ट, घड्याळ, सोन्याची चेन, मंगळसूत्र सगळं खोलीच्या तिजोरीत. सोबत थोडे पैसे आणि एक कार्ड. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिकेचा १९२.

विजेचं एक विचित्र आहे. रिओ आणि साओ पाउलोला १२७ व्होल्ट, तर ब्राझिलियाला आणि ईशान्येच्या बऱ्याच शहरांत २२०. मोबाइलचा चार्जर दोन्हीवर चालतो, पण इथून नेलेली चहाची किटली रिओत गरम व्हायला फार वेळ घेईल. तिथल्या सॉकेटची रचनाही वेगळी आहे, ‘एन’ प्रकारचा ॲडॉप्टर घ्या. टॉयलेट पेपर बऱ्याच जागी कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. आपल्याला दिलासा म्हणजे हातातला जेट स्प्रे तिथे बऱ्याच घरांत आणि लहान गेस्टहाउसांत असतो, मोठ्या हॉटेलांत मात्र त्याची खात्री नाही.