छोट्या उत्पादकाकडे मॉडेल इंजिन नोंदवताना
ब्रिटनमध्ये ओओ किंवा एन गेजचं (हे मॉडेल रेल्वेचे दोन आकार) इंजिन आगाऊ पैसे देऊन नोंदवत असाल, तर अनामत थेट क्रेडिट कार्डानेच भरा. इंजिनाची किंमत 100 पौंडांहून जास्त असेल, तर 1974 च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम 75 नुसार माल न आल्यास कार्ड कंपनीही जबाबदार असते. मग कार्डावर फक्त अनामत भरलेली असली तरी. बँक ट्रान्सफरला हे कवच नाही. उत्पादक कितीही जीव ओतून काम करणारा असो, धंदा बुडाला की आपले पैसे अडकतात.

संगणकावरच्या देखण्या चित्रावर मोठी रक्कम देऊ नका. मोठा खर्च साच्यांचा असतो. साच्यातून निघालेला, रंग न दिलेला पहिला नमुना दिसला की मगच पुढचा हप्ता द्या. लिमिटेड कंपनी असेल तर कंपनीज हाउस या ब्रिटनच्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तिचे हिशेब फुकट पाहता येतात.