मुलांसोबत घरच्या रंगांची क्ले कशी करावी

घरच्या क्लेची कृती सगळीकडे एकाच साच्यातली असते. मैदा, मीठ, तेल, लिंबाचा रस आणि पाणी एकत्र शिजवा, गोळ्याचे चार भाग करा, एकात हळद, एकात बीट, एकात पालक आणि एकात गोकर्णाचं पाणी घाला. डबीतला तयार रंग घालणार असाल तर हे चालतं. भाजी-फुलांच्या रंगाला हा सल्ला अजिबात चालत नाही. पालकाचा गोळा शेवाळी पडतो, गोकर्णाचा निळा जांभळा होतो, आणि शिजलेल्या गोळ्यात पातळ रस ओतला की सगळंच हाताला चिकटत बसतं. मग घरचे रंग काही खरे नाहीत असं म्हणून लोक सोडून देतात. रंगांचा यात काही दोष नसतो. प्रत्येक रंगाचा गोळा वेगळा शिजवायचा, आणि लिंबू कुठे घालायचं नि कुठे नाही हे आधी ठरवायचं, एवढं पाळलं की काम होतं.

एका गोळ्याचं प्रमाण: 1 वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल. कणकेचीही क्ले होते, पण तिच्या तपकिरी झाकेमुळे निळा आणि गुलाबी मळकट दिसतात. ज्वारीचं पीठ घ्या असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दादर ज्वारीची भाकरी आपल्या खानदेशात जीव की प्राण, पण त्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. उकड काढून मळलं तरी वाळू लागलं की भेगा पडतात. पोळ्यासाठी बैल केला तर त्याची शिंगं पहिली गळतात.

आता रंग. इथे घाई करू नका.

पिवळा सगळ्यात सोपा. फक्त हळद पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरते. म्हणून अर्धा छोटा चमचा हळद आधी तेलात कालवायची आणि मग पिठात घालायची, म्हणजे ठिपके राहत नाहीत. यात 1 मोठा चमचा लिंबाचा रस खुशाल घाला, तेवढं पाणी कमी करा. आंबटाने क्ले मऊ राहते आणि टिकतेही. मुलांना गंमत दाखवायची असेल तर बिनलिंबाच्या पिवळ्या गोळ्याचा तुकडा काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा मळा. तुकडा विटकरी लाल होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं, हा तोच प्रकार.

गुलाबीसाठी बीट कच्चंच किसा आणि फडक्यातून घट्ट पिळा. उकळायचं नाही, फार वेळ आच लागली की बीट तपकिरी होतं. म्हणून हा गोळा पाऊण वाटी पाण्यातच शिजवायचा, लिंबाचा रस त्यातच घालायचा, आणि गोळा कोमट झाल्यावर दोन-तीन चमचे दाट रस थोडा थोडा करून मळत जायचं. बीटाला आंबट मानवतं, रंग उजळ राहतो.

पालकाचं उलटं. त्याला लिंबाचा थेंबही लावू नका. आंबट आणि आच दोन्ही मिळाली की हिरवा मेलाच. पानं वाटून, गाळून घेतलेला दाट रस बीटासारखाच कोमट गोळ्यात शेवटी मळा. अगदी चिमूटभर सोडा घातला तर हिरवा जास्त धरून राहतो.

निळ्यासाठी कुंपणावरची गोकर्णाची पंधरा-वीस फुलं वाटीभर गरम पाण्यात भिजवा आणि गाळून त्याच पाण्यात पीठ शिजवा. लिंबू नाही. मात्र मुलं समोर बसलेली असतील तर त्यातलं दोन चमचे पाणी स्टीलच्या वाटीत वेगळं काढा आणि त्यांच्याच हाताने लिंबू पिळू द्या. पहिला थेंब पडतो तिथून जांभळी रेघ खाली उतरते, वाटी जरा हलवली की सगळं पाणी जांभळं, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की भाचरं घेरून बसतात, आणि या क्षणी हमखास ओरडा होतो, "फुई, हाई काय व्हयनं?" (आत्या, हे काय झालं?) जांभळा गोळा हवा असेल तर हेच मुद्दाम करा.

केशरी होळीच्या आसपासच मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्यापासून शहाद्यापर्यंत, पळस फुलला की झाडाखाली पडलेली फुलं वेचून आणा, सावलीत वाळवून बरणीत भरा. मूठभर फुलं उकळून गाळलेलं पाणी वापरायचं, चिमूटभर सोड्याने ते गडद होतं.

लाल रंगासाठी नंदुरबारची मिरची कितीही डोळ्यांत भरत असली तरी तिची पूड क्लेत घालू नका. मुलांचे हात डोळ्यांना लागतातच. होळीचे कोरडे रंगही नकोत.

शिजवणं मोठ्यांनी करायचं. मैदा-मीठ पाण्यात गार असतानाच गुठळ्या मोडून कालवा, तेल घाला, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर घोटत राहा. आधी काहीच होत नाहीसं वाटतं, मग बुडाशी गोळे धरू लागतात आणि पाहता पाहता सगळं चमच्याभोवती जमा होतं. बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात आणि मग चिकटतंय म्हणून वरून कोरडा मैदा घालतात. तो मैदा कच्चा राहतो, क्ले दुसऱ्या दिवशी दगड होते. चिकटत असेल तर पीठ नाही, आच हवी, अजून मिनिटभर. गोळा उलथून तळाचीही ओल उडू द्या. बोटाने दाबल्यावर बोट कोरडं निघालं आणि गोळा कानाच्या पाळीसारखा लागला की झालं. बीट-पालकाचा गोळा पाणी कमी असल्याने यापेक्षा घट्ट लागेल, तो रसाने मऊ होणारच आहे.

ताटात काढून कोमट झाल्यावर मुलांकडे मळायला द्या. हे काम त्यांचंच. हाताला खरचटलेलं असेल तर थांबा, मीठ झोंबतं. आणि अंगावर जुने कपडे घाला, हळदीचा डाग सहज निघत नाही.

पोळ्याला बैल करायचे असतील तर पाय वेगळे वळून चिकटवू देऊ नका. एकाच गोळ्यातून चिमटीने ओढून काढलेले पाय धडाला धरून राहतात. शिंगं शेवटी, आणि बुटकीच बरी.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, तोही फ्रिजमध्ये. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उघडा गोळा तासाभरात वरून कडक होतो, ओल्या हाताने मळला की पुन्हा वळतो. श्रावणात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा पाझरतो, तेव्हा कढईत जरा परतून घ्या. पिवळा आणि गुलाबी जास्त दिवस जातात. हिरवा-निळा बिनलिंबाचा, म्हणून लवकर संपवा. आंबूस वास आला किंवा ठिपका दिसला की टाकायचा, वरचं खरवडून चालवायचं नाही.

अगदी लहान मूल घरात असेल तर लक्ष ठेवा. पदार्थ स्वयंपाकघरातले असले तरी हे खायचं नाही, यात मीठ फार आहे. उरलेली पोळी-भाकरी गायीला घालायची आपली सवय असते, पण हा गोळा गुरांपुढे टाकू नका आणि कुत्र्याला तर मुळीच मिळू देऊ नका, एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेततं. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका आणि वर झाकण लावा.