योग करणाऱ्यांनी पिलाटेसला कुठून सुरुवात करावी

पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ नडग्यांना टेकतं. अकरा वर्षं कोथरूडमध्ये अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाला जातेय, त्याचं हे फळ. त्यामुळे गेल्या वर्षी लेक मला तिच्या पिलाटेसच्या वर्गाला घेऊन गेली तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. शिक्षिकेने रोल-अप करायला सांगितलं. उताणं झोपायचं, हात डोक्यामागे न्यायचे आणि श्वास सोडत एकेक मणका उचलत उठून पुढे वाकायचं. शेवटी शरीर जिथे पोचतं ते जवळजवळ पश्चिमोत्तानासनच. मी खांद्यांच्या पात्यांपर्यंत उचलले गेले आणि तिथेच अडले. जोर केला तर टाचाच जमिनीवरून सुटल्या.

त्या अडण्यात मला दोन्हींतला फरक जितका कळला, तितका वाचून कळला नसता. आसनात मी पोचायला आणि पोचल्यावर स्थिर राहायला शिकले होते. ‘स्थिरसुखमासनम्’ आमच्या बाईंच्या तोंडी रोज असतं. पिलाटेसमध्ये फार थांबायचं नसतं. जायचा आणि परतायचा रस्ता हाच व्यायाम, आणि त्या रस्त्यावर कुठेही हिसका चालत नाही. जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांनी आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचं शास्त्र, असं नाव दिलं होतं ते याचसाठी. लहानपणी ते सतत आजारी असत. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या नर्तकांनी त्यांची पद्धत उचलून धरली. चटईवरचे त्यांचे मूळ व्यायाम ३४. आपल्याला सुरुवातीला चार पुरतात.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. योग करणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो, म्हणून घाई करू नका. नाकाने घ्यायचा आणि नाकानेच सोडायचा, घेताना पोट सैल, ही आपली सवय. इथे पोट आत धरलेलंच ठेवून श्वास बरगड्यांत घ्यायचा असतो. त्यासाठी ओढणी घ्या. छातीखाली, बरगड्यांभोवती गुंडाळून टोकं पुढे एकमेकांवरून न्या आणि हातात धरा. नाकाने श्वास घेताना बरगड्यांनी ओढणीला दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे ढकललं पाहिजे. खांदे वर येऊ देऊ नका. मग बशीतला चहा फुंकावा तसा तोंडाने सोडा आणि ओढणी हलकेच आवळत न्या. बेंबीखालचा भाग आपोआप आत जाताना जाणवेल. हा उड्डियान बंध नव्हे. बंधात श्वास बाहेर रोखून पोट आत खेचतो; इथे पोट धरायचं पण श्वास क्षणभरही थांबवायचा नाही. मला हे साधायला दोन आठवडे लागले.

चटई योगाची चालते, पण पातळ असेल तर खाली सतरंजीची दुहेरी घडी घाला. मणका जमिनीवरून एकेक करत फिरतो तेव्हा पातळ चटईवर तो टोचतो. सैल कुर्ता नको. बरगड्या सुटल्या आहेत की धरलेल्या, हे आरशात दिसलं पाहिजे.

चौथ्या दिवसापासून हंड्रेड घ्या. उताणं झोपा, गुडघे वाकवलेले, तळपाय जमिनीवर. ओटीपोटावर पाण्याची वाटी ठेवली आहे आणि ती ना पोटाकडे सांडते ना पायांकडे, अशी कंबर ठेवा. हात सरळ, जमिनीपासून वीतभर वर. पाच ठेक्यांत श्वास घ्या, पाचांत सोडा, प्रत्येक ठेक्याला हात खालीवर. असे दहा श्वास झाले की शंभर पुरे होतात. पहिल्या आठवड्यात तीन-चार श्वासच करा, डोकं खालीच ठेवून. पुढे डोकं उचलून करताना मान दुखली तर पोटाचं काम मान करते आहे असं समजा आणि डोकं खाली टेका.

रोल-अप उलट्या बाजूने शिका. गुडघे वाकवून बसा, ओढणी तळपायांत अडकवा आणि श्वास सोडत कंबर गोल करून अर्धंच मागे जा. जिथे पोट थरथरतं तिथे एक श्वास घ्या आणि परत या. पाच वेळा बास. पिलाटेसमध्ये आकडा लहानच असतो. सहावी आवृत्ती बिघडली तर ती केलीच नाही असं आमची शिक्षिका धरते.

शोल्डर ब्रिज आपल्याला ओळखीचा वाटतो, म्हणून त्यात जास्त चुका होतात. सेतुबंधात आपण छाती हनुवटीकडे उघडतो. इथे छाती उघडायची नाही. शेपटीच्या हाडापासून एकेक मणका सोलल्यासारखा उचलत गुडघा ते खांदा एक सरळ उतार करायचा आणि उतरताना वरचा मणका आधी टेकवायचा. माझ्या पाठीचा मधला तुकडा अजूनही एकदम धपकन टेकतो.

चौथा व्यायाम सिंगल लेग स्ट्रेच: एक गुडघा छातीशी, दुसरा पाय लांब, आलटूनपालटून. कंबर उचलली जात असेल तर लांब पाय आणखी वर धरा.

स्प्रिंगांच्या यंत्रावरचे, म्हणजे रिफॉर्मरचे, वर्ग महाग असतात. माझ्या योगवर्गाच्या महिन्याच्या पैशांत तिथले जेमतेम तीन तास मिळतात. तरी एकदा जाऊन पाहा. आपल्या वर्गातली दोरी, खुर्ची, लाकडी ठोकळे शरीराला आधार देतात, म्हणून आसनात जास्त वेळ राहता येतं. रिफॉर्मरची गादी मात्र सरकत राहते. स्प्रिंगा कमी केल्या की सोपं होईल असं मला वाटलं होतं, पण काही व्यायामांत उलट होतं. आधार कमी झाल्यामुळे स्वतःलाच सावरावं लागतं.

मी योग सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. चार दिवस आसनं, दोन दिवस पिलाटेस. प्राणायामाची जागा पिलाटेसचा श्वास घेऊ शकत नाही. मूळ क्रम दंडासारख्या पुश-अपवर संपतो, पण शेवटी पाच मिनिटं मी शवासन करतेच. फायदा जाणवला तो नावासनात. पूर्वी पाय वर धरताना मांड्या पेटायच्या आणि कंबर खचायची, आता पाठ उभी राहते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा मणक्यातली गादी सरकलेली असेल, तर पाठ गोल करायचे व्यायाम, म्हणजे रोल-अप आणि चेंडूसारखं लोळणं, करू नका. ठिसूळ मणका पुढे वाकताना दबून मोडू शकतो. पाळी गेलेल्या बायकांनी हाडांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध दुभंगलेले असतील तर हंड्रेडही थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. वर्ग निवडताना मी हेच पाहते: पहिल्या दिवशी शिक्षिका पाठीबद्दल, हाडांबद्दल, बाळंतपणाबद्दल विचारते का. न विचारता थेट चटईवर झोपवलं, तर त्या वर्गाला दुसऱ्या दिवशी जाऊ नका.