रेंजफाइंडरसाठी प्राइम लेन्स: आधी खिडकी बघा, मग काच

रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस लावायचा कॅमेरा, घेतला की प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सची चर्चा लगेच शार्पनेसवर जाते. सुरुवात व्ह्यूफाइंडरपासून करा. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो, आणि चित्रात किती येणार हे त्या खिडकीतल्या फ्रेमलाइन, म्हणजे चौकटीच्या रेघा, सांगतात. बॉडीत जिची फ्रेमलाइन नाही ती लेन्स घेतली, तर अंदाजाने फ्रेम लावायची किंवा वर शूमध्ये (फ्लॅशच्या खाचेत) वेगळा फाइंडर बसवायचा.

लायका एम३ (१९५४) मध्ये ५०, ९० आणि १३५ (फोकल लेंग्थ, मिमी) एवढ्याच फ्रेमलाइन आहेत. ३५ ची सोय एम२ पासून झाली. एम६ मध्ये त्या जोडीने दिसतात: २८–९०, ३५–१३५, ५०–७५. ४० एमएम लेन्स लायकावर ५० ची चौकट उघडते, त्यामुळे कडेला दिसतं त्यापेक्षा जास्त चित्र येतं. व्होइग्टलँडरच्या बेसा आर३ए मध्ये मात्र ४० ची चौकट आहे. सोव्हिएत फेड आणि झोर्कीत बहुतेक वेळा रेघाच नाहीत, तिथे अख्खी खिडकी म्हणजे साधारण ५०. चष्मा असेल तर ०.७२ मॅग्निफिकेशनच्या (खिडकीतून दृश्य ०.७२ पट दिसणाऱ्या) बॉडीत २८ च्या कडा एका नजरेत दिसत नाहीत, डोळा फिरवावा लागतो. चष्मेवाल्यांनी २८ घेण्याआधी डोळ्याला लावून बघाच.

नाशिकसाठी पहिली लेन्स ३५, यावर आम्ही ठाम आहोत. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट आळी, जुन्या वाड्यांचे बोळ: सगळीकडे मागे सरायला जागा नसते. तांब्याच्या हंड्यावर ठोके घालणाऱ्या कारागिरापासून तुम्ही दोन मीटरवर उभे आहात असं धरा. ३५ ला अॅपर्चर एफ/८ ठेवून फोकस दोन मीटरवर लावला, तर साधारण १.४ ते ३.३ मीटरमधलं सगळं नीट येतं. हातोडा, हंडा, चेहरा, मागची भिंत. फोकस रिंगला हातही लावायला नको. हेच ५० ला १.७ ते २.५ मीटर होतं, म्हणजे माणूस जरा पुढे वाकला की काळजी. २८ ला १.२५ ते ५ मीटर मिळतात, पण मग विजेच्या तारा आणि उभ्या स्कूटरही फ्रेममध्ये येतात. गल्लीच्या मोकळ्या सावलीत आयएसओ ४०० च्या फिल्मवर एफ/८ ला १/१२५ च्या आसपास एक्सपोजर बसतं. त्यात चेहरा स्थिर येतो, हातोडा हलतो. हातोडाही थांबवायचा असेल तर एफ/४ ला १/५००, पण तेव्हा फोकस नेमका लावावा लागेल.

फोकस टॅब (रिंगवरचा बोट टेकवायचा खुंट) असलेली लेन्स मिळाली तर तीच घ्या. टॅब कुठे असताना किती मीटर, हे बोटाला पाठ झालं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फोकस झालेला असतो.

एफ/१.४ च्या मागे धावू नका. उन्हात ४०० ची फिल्म १/१००० ला एफ/११ च्या आसपास मागते, आणि बहुतेक फिल्म लायकांचं शटर तिथेच संपतं. म्हणजे दुपारी गोदाघाटावर प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरशिवाय एफ/१.४ उघडताच येत नाही. शिवाय मोठी लेन्स आणि तिचा हुड खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकतात. त्या बाजूने कोणी फ्रेममध्ये शिरलं तर दिसत नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या गर्दीत उभं राहायचं असेल, तर व्होइग्टलँडर कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ किंवा झाइस सी बायोगॉन ३५ एफ/२.८ सारखी छोटी लेन्स जास्त कामाची. संध्याकाळच्या आरतीसाठी एफ/२ ची ५० ही दुसरी लेन्स.

५० आणि ९० घेताना बॉडीचा रेंजफाइंडर किती नेमका आहे ते मोजा: बेसची लांबी (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर) गुणिले मॅग्निफिकेशन. आकडा जितका मोठा, तितका फोकस नेमका. ०.७२ च्या लायका एम ला हे सुमारे ५० मिमी येतं, एम३ ला ६२, बेसा आर२ए ला जेमतेम २६. एफ/१.४ च्या ५० ला एक मीटरवर फोकसमध्ये अवघी सव्वातीन सेंटिमीटर खोली मिळते, एफ/२ च्या ९० ला दीड. आर२ए वर असली ९० लावली तर डोळ्यावर लावलेला फोकस नाकावर किंवा कानावर जाऊ शकतो. आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांसाठी रेंजफाइंडर नाही. १३५ च्या पुढे हा कॅमेरा जातच नाही.

जुनी स्क्रू माउंट लेन्स एम बॉडीवर चालते, पण अॅडॉप्टर त्या फोकल लेंग्थचाच हवा, नाहीतर चुकीची चौकट उघडते. स्वस्त म्हणून सोव्हिएत ज्युपिटर-८ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: ती झाइसच्या हिशेबाने बनली आहे, लायकाच्या नाही, म्हणून लायकावर एफ/२ ला जवळचा फोकस चुकतो. कीव्ह कॅमेऱ्याची ज्युपिटर स्क्रूवर बसतच नाही. ज्युपिटर-१२ ची मागची काच इतकी आत येते की काही बॉडीत ती अडकते.

सेकंडहँड लेन्स घेताना अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे पांढुरकी वाफ दिसली तर हेझ. हेझ बऱ्याचदा सफाईने जाते. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर सफाईनंतरही डाग राहतात. मग इन्फिनिटी तपासा: रिंग शेवटपर्यंत फिरवून पांडवलेणीच्या डोंगरासारखं लांबचं काही बघा, दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. जवळचा फोकस टेपने एक मीटर मोजून, तिरक्या ठेवलेल्या वर्तमानपत्रावर, अॅपर्चर पूर्ण उघडून तपासा. तीच चाचणी एफ/२.८ आणि एफ/४ ला परत करा. झाइसच्या सोनार पद्धतीच्या लेन्समध्ये अॅपर्चर मिटताना फोकस मागे सरकतो.

फिल्म लायका, फेड, झोर्कीचं शटर कापडी आहे. लेन्समधून सूर्य थेट आत गेला तर कापडाला भोक पडतं, आणि मग प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका. उन्हात फिरताना कॅप लावा. पण कॅप राहिली तरी खिडकीतून सगळं नीट दिसतं आणि अख्खा रोल कोरा निघतो. कॅप विसरण्याची सवय असेल तर एफ/१६ ठेवा, फोकस सगळ्यात जवळ आणा आणि कॅमेरा छातीवर तोंड खाली करून टांगा.

जून ते सप्टेंबर लेन्स चामडी केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवून परत वापरा. त्र्यंबक, इगतपुरीच्या पावसातून आल्यावर लेन्स पुसून, पंख्याखाली तासभर उघडी ठेवून मगच डब्यात टाका.