नाव न छापलेल्या बातमीदार बाईंची कारकीर्द कशी शोधावी

विदर्भातल्या एखाद्या दैनिकाला तालुक्याहून सुरुवातीच्या काळात बातम्या पाठवणाऱ्या बाईंवर लिहायचं, तर बहुतेक जण जुन्या अंकांत त्यांचं नाव शोधत बसतात. ते सहसा सापडत नाही. तालुक्याच्या बातमीवर 'वार्ताहराकडून' एवढंच छापायचे. म्हणून बातमीच्या तोंडाशी असलेलं गाव शोधा: 'दारव्हा, ता. १२' ('ता.' म्हणजे तारीख).

पण जुन्या अंकांच्या फायली उघडण्याआधी बाईंशी बोला. 'काय अडचणी आल्या?' असं विचारलं की सत्काराचं भाषण ऐकायला मिळतं. त्यापेक्षा 'पाकीट कुठल्या गाडीनं जायचं?' हे विचारा. फॅक्स येण्याआधी हातानं लिहिलेली बातमी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि शहरातल्या स्टँडवरून कार्यालयाचा माणूस ती उचलायचा. तातडीचं असलं तर तार किंवा ट्रंक कॉल. पाकीट स्टँडवर कोण नेऊन द्यायचं, शेवटची गाडी चुकली तर काय व्हायचं, घरचे काय म्हणायचे, हे सगळं त्या एका प्रश्नातून निघतं. शिवाय बातमी उशिरा पोचायची हे कळलं, की घटनेनंतरच्या दोन-तीन दिवसांचे अंकही चाळायचे हे लक्षात येतं.

साल विचारू नका, ते हमखास चुकतं. मोवाडचा पूर (३० जुलै १९९१) किंवा नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात झालेली चेंगराचेंगरी (२३ नोव्हेंबर १९९४) याच्या आधीचं की नंतरचं, असं विचारा. लग्नाआधीचं नावही लिहून घ्या.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो डाक आवृत्तीचा. खेड्यापाड्यांत जाणारा अंक आधी छापून गाडीला लागायचा, शहर आवृत्ती रात्री उशिरा निघायची. तालुक्याच्या बातम्या डाक आवृत्तीत, आणि शहरातल्या वाचनालयाच्या फायलीत मात्र बहुधा शहर आवृत्ती. तिथे बातमी मिळाली नाही म्हणून बाईंनी ती लिहिलीच नाही, असं ठरवू नका. तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय, जुना पेपर एजंट आणि बाईंच्या घरचं कपाट, या तीन जागा आधी बघा. मानधनासाठी कात्रणं पाठवावी लागत, त्यामुळे घरीही एखादा संच राहिलेला असतो.

कात्रणावर तारीख नसते. ते उलटं करा. मागच्या बाजूला कापसाचा भाव, सिनेमाची जाहिरात किंवा निविदेची शेवटची तारीख सापडते. तीच जाहिरात शहर आवृत्तीत शोधली की तारीख दोन-चार दिवसांच्या आत येते.

फोटो काढताना आधी दैनिकाचं नाव आणि तारखेसह पूर्ण पान घ्या, मग बातमी जवळून. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या. बांधणीत दडलेला स्तंभ वाचायला फाइल दाबून सपाट करू नका. कागद ठिसूळ झालेला असतो, शिवणीपाशीच तुटतो. पान उलटताना खाली जाड पुठ्ठा सरकवा. फोटोच्या फाइलला '१९९१-०८-०३_डाक_पान४' असं नाव द्या, म्हणजे तारखेनुसार आपोआप लागतात. घरच्या कात्रणांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच: टेपचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही.

अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकार म्हणून सरकारनं दिलेलं ओळखपत्र) नाही, म्हणजे बाई वार्ताहर नव्हत्या, असंही धरू नका. तालुक्याच्या कितीतरी वार्ताहरांकडे ती नव्हतीच.

राहिला 'पहिल्या महिला वार्ताहर' असं लिहितानाचा 'पहिल्या' हा शब्द. तानूबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'दीनबंधू' या वृत्तपत्राचं संपादन केलं होतं, तेव्हा राज्याच्या पातळीवरचा दावा तर सोडाच. तालुक्यापुरतं लिहायचं तरी 'उपलब्ध अंकांत आढळलेल्या सर्वांत जुन्या' असं लिहा आणि कोणत्या वर्षांचे अंक पाहिले तेही द्या. मजकूर छापायला देण्याआधी बाईंना वाचून दाखवा. गावांची आणि माणसांची नावं तिथेच दुरुस्त होतात.